दर्याचा कौल

मला पोहता येत नाही. मडगावात जन्मलेल्या, कोलव्याच्या किनाऱ्यापासून दीड कोसावर चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ही गोष्ट छापून कबूल करावी हे फारसे भूषणावह नाही. पण पुढे जे सांगावयाचे आहे त्यात साक्षीदार मी एकटाच असल्यामुळे साक्षीदाराची लायकी आधी सांगणे बरे. आमच्या घरात समुद्राशी नाते होते ते नमस्काराचे आणि हुमणाचे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहावा, सोमवती अमावास्येला घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून डोक्यावर दोन ओंजळी घ्याव्यात आणि घरी यावे. त्यापलीकडे जाणारा तो खारवी. ते त्याचे काम, आपले नव्हे, असे वडील म्हणत.

म्हणून २०१७ च्या दिवाळीत ताईच्या मुलाने कॅलिफोर्नियाहून कळविले की तो आता समुद्राच्या तळाशी जाऊन येतो, आणि तेही हिवाळ्यात, तेव्हा आमच्या घरात कोणालाच काय बोलावे ते सुचेना. ताईचा हा एकुलता एक मुलगा. भावजी गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे तो शिकला, परदेशी नोकरीला लागला, आठवड्यातून दोनदा आईशी बोलू लागला. आणि तिने स्वतःच्या मनाची समजूत नुकतीच कुठे घातली होती, तोच हे समुद्राचे प्रकरण निघाले. मला जानेवारीत काही कामानिमित्त त्या बाजूस जावयाचे होते. ते कळताच ताई आली आणि रागावल्यावर ती ज्या कोंकणीत बोलते त्या कोंकणीत म्हणाली, "तूं वकील न्हय? तूं ताका सांग."

मी वकीलपत्र स्वीकारले. निघण्यापूर्वी तिने कुलदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून कौल घेतला. उजवी पाकळी पडली. 'काम होईल,' ती म्हणाली. कोणते काम, हे तिने देवाला नेमके काय विचारले होते त्यावर अवलंबून होते. पण ते मी तिला विचारले नाही, आणि ती चूक माझीच.

भाचा सॅन होजे शहरात राहत असे. पहिल्याच रात्री जेवणानंतर मी माझा युक्तिवाद मांडला. त्याचे पाच मुद्दे मी विमानात लिहून काढले होते. पहिला, पाणी थंड. दुसरा, ऋतू वादळाचा. तिसरा, हा छंद अनावश्यक. चौथा, आईचे वय. पाचवा, तिला दुसरे कोणी नाही. त्याने सगळे निमूटपणे ऐकून घेतले, आणि मग हसून म्हणाला, "मामा, तुम्ही जागेचा पंचनामा न करता निकाल मागता आहात. उद्या पहाटे माझ्याबरोबर चला."

ज्या किनाऱ्यावर तो मला घेऊन जाणार होता तो मॉन्टरे आणि कार्मेल या गावांचा. सॅन होजेहून मोटारीने दीड तासाची वाट. माझा पहिला मुद्दा तिथे पोहोचण्यापूर्वीच डळमळला. आपली समजूत अशी की समुद्र सर्वांत थंड असावयाचा तो पौष-माघात. या किनाऱ्याची रीत उलटी आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथले पाणी साधारण ११ ते १३ अंश सेल्सियस असते; आणि वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, वर ऊन चढत असताना पाणी ९-१० अंशांपर्यंत उतरते. कारण असे की वसंतात वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वारा सुटतो, पृथ्वीच्या भ्रमणामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्राकडे लोटले जाते आणि त्याची जागा घ्यावयास खालचे थंडगार, खाद्यद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते, पाणी हिरवे-गढूळ होते, आणि पाणबुड्याला कधी कधी चार हातांपलीकडचे दिसत नाही. हिवाळ्यात हा वारा पडतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा एक प्रवाह किनाऱ्यालगत येतो, पीक ओसरते आणि पाणी निवळते. दोन वादळांच्या मधल्या शांत दिवशी पन्नास-साठ फुटांपलीकडचा खडक स्वच्छ दिसतो. खालचे पाणी वर येण्याचा हा व्यापार आपल्याकडेही आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तो चालतो आणि आपले तारले-बांगडे त्यावरच पोसले जातात. आपण पावसाळ्यात दर्याला हात लावीत नाही आणि पाऊस सरल्यावर त्याचे देणे घेतो. तिथे पाणबुडे वसंताची हिरवळ टाळून हिवाळ्याची पारदर्शकता घेतात. हिशेब दोन्हीकडे एकच.

तरी ११ अंश म्हणजे ११ अंश. आपल्या समुद्राचे पाणी २७-२८ अंशांचे असते, तेही आपल्याला माघस्नानाच्या पहाटे बोचते. शिवाय पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातील ऊब शोषून घेते. म्हणून ही मंडळी सात मिलिमीटर जाडीचा, अंगाला चिकटून बसणारा फेसाळ रबरी पोशाख घालतात. त्याच्या आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने तापते आणि त्या रबरातील वायूचे बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. ही युक्ती १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर नावाच्या बर्कलीच्या एका पदार्थवैज्ञानिकाने काढली. पण तिलाही मर्यादा आहेत. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे आक्रसतात आणि जिथे ऊब अधिक हवी तिथेच पोशाख पातळ पडतो. ज्यांना परवडते ते अंगाला पाणी लागूच न देणारा कोरडा पोशाख घेतात. थंडीचा खरा धोका मात्र मला भाच्याने सांगेपर्यंत ठाऊक नव्हता. थंडीने मारण्यापूर्वी ती बुद्धी मंद करते. बोटे आखडतात, श्वास वाढतो, नळकांड्यातील हवा लवकर संपते आणि 'आता वर जावे' हा साधा विचार उशिरा सुचतो.

रात्री झोपण्यापूर्वी त्याने मला एक आकडा दाखविला. मॉन्टरेच्या पश्चिमेस भर समुद्रात नांगरलेला एक सरकारी बोया आहे. तो लाटांची उंची आणि दोन लाटांमधील काळ सतत कळवीत असतो. त्या रात्रीचा आकडा सहा फूट आणि बारा सेकंद असा होता. मी म्हटले, सहा फूट ठीक. तो म्हणाला, "मामा, उंचीला कोणी फसत नाही. सेकंदांना फसतात." लाटेचा हेलकावा तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो. आठ सेकंदांच्या लाटेचा हेलकावा सुमारे पन्नास मीटरपर्यंत, आणि सोळा सेकंदांच्या लाटेचा दोनशे मीटरपर्यंत. म्हणजे उंची सारखीच दिसली तरी दुसरी लाट तळच्या माणसाला खडकावर आपटू शकते. अलास्काच्या आखातात वादळ झाले की दोन-तीन दिवसांनी त्याच्या लाटा इथे येतात, आणि त्यांपैकी लांब पल्ल्याच्या सर्वांत वेगवान. त्या आधी येतात, उंचीने लहान असतात, म्हणून सौम्य वाटतात. वैऱ्याचे जासूद साध्या वेषात यावेत तसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वाटेत त्याने आपल्या जोडीदाराला बरोबर घेतले. हा एक अबोल, पन्नाशीचा जपानी वंशाचा गृहस्थ होता. एकट्याने बुडी मारावयाची नाही हा त्यांचा पहिला नियम. सात वाजता आम्ही कार्मेलच्या दक्षिणेस एका वाळूच्या किनाऱ्यावर उतरलो. रस्त्यापलीकडे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ आहे, त्यावरून किनाऱ्याचे नाव पडले मोनास्टरी बीच. पाणबुडे मात्र त्याला कडवट विनोदाने 'शवागार किनारा' म्हणतात. वाळू भरड, उतार तीव्र आणि किनाऱ्यालगतच समुद्रतळात एक मोठी दरी सुरू होते, त्यामुळे लाट दुरून फुटत येत नाही. अगदी पायाशी येऊन फुटते. धोक्याची सूचना देणारे फलक आहेत. आणि माझ्यासमोर होता तो समुद्र कसा? संथ, निळा, तळ्यासारखा. मी माझ्या दुसऱ्या मुद्द्यावर काट मारली.

दोघांनी पोशाख घातले नाहीत. दोघेही वाळूवर उभे राहिले, भाच्याने घड्याळ लावले आणि दोघे नुसते पाहत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मी मनात म्हणत होतो, इतक्या दूर येऊन हे असे उभे का राहतात? बाराव्या मिनिटाला क्षितिजाशी पाण्यावर काळ्या रेघा दिसल्या. मग एकामागून एक पाच लाटा आल्या. पहिली माझ्या कमरेएवढी असेल. तिसरी माझ्या डोक्यावरून गेली असती. ती वाळूवर आदळली तेव्हा पायांखालची जमीन हादरली, आणि परत फिरताना तिने भरड वाळू अशी खेचून नेली की माझ्या चपलांखालून किनाराच सरकतो आहे असे वाटले. मग पुन्हा सर्व शांत. पुन्हा तळे. पुढच्या वीस मिनिटांत तीच फौज आणखी दोनदा आली.

भाच्याने जोडीदाराकडे पाहिले. त्याने मान हलविली. दोघे वळले, सामान पुन्हा मोटारीत नीट रचले, आणि आम्ही जवळच्या एका दुकानात कॉफी प्यावयास गेलो. कोणी हळहळ केली नाही. 'जरा बाजूने पाहू', 'अर्धा तास थांबू', असेही कोणी म्हणाले नाही. मी विचारले, "रात्रीचा आकडा तर ठीक होता?" तो म्हणाला, "आकडा म्हणजे अर्ज. निकाल इथे मिळतो." आणि मग, जणू माझ्या मनातले ओळखून, म्हणाला, "आजीबरोबर देवळात कौल घ्यायला जात होतो ना मी, तसेच हे. आज डावी पडली."

या एका वाक्याने माझी झोप उडविली. आमच्याकडे कौल घेणारे मी जन्मभर पाहिले आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचे कागद माझ्या कचेरीत येतात. डावी पाकळी पडली की प्रश्न बदलून पुन्हा विचारणारे, तिसऱ्यांदा विचारणारे, दुसऱ्या देवळात जाणारे, अखेर उजवी पडेपर्यंत न हटणारे. मग ती उजवी घेऊन ते भावावर दावा लावतात. मीही काही वेगळा नाही. प्रतिकूल निकाल मिळाला की वरच्या कोर्टाचा रस्ता मला पाठ आहे. पण डावी पडल्यावर देवाला नमस्कार करून मुकाट्याने घरी जाणारा माणूस फार दिवसांत माझ्या पाहण्यात नव्हता. तो मला कुलदेवतेच्या चौकात नव्हे, पॅसिफिक महासागराच्या काठी दिसावा आणि तो माझाच भाचा असावा, याचे मला नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली.

तरी वकिलाचा स्वभाव जात नाही. संध्याकाळी मी त्याचे कागद मागून घेतले. नळकांडी भाड्याने देणारे दुकानदार एक करारपत्र लिहून घेतात: बुडी मारणारा सर्व धोका स्वतःच्या शिरावर घेतो, दुकानदारावर दावा करणार नाही, वारसही करणार नाहीत. रोमन कायद्यातले जुने तत्त्व आहे, जो राजीखुशीने धोका पत्करतो त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. कागद चोख होता. खोड काढावयास जागा नव्हती. पण सहीच्या रेघेकडे पाहताना मला वाटले, या करारात एक पक्ष सामील करावयाचा राहिला आहे. धोका याने पत्करला, पण तो जिला भोगावा लागेल ती बाई मडगावात तुळशीला पाणी घालते आहे. तिची सही कोणी घेतली? हे मी त्याला बोलून दाखविले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणूनच तर सकाळी परत फिरलो, मामा." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आठ दिवसांनी उजवी पडली. चार फूट, दहा सेकंद, वारा नाही. या वेळी आम्ही त्याच किनाऱ्याच्या दक्षिणेस पॉइंट लोबोस नावाच्या संरक्षित भूशिरावर गेलो. येथील समुद्रतळ १९६० साली संरक्षित झाला. त्या देशातील ते पहिले पाण्याखालचे अभयारण्य. दररोज ठराविक जोड्यांनाच प्रवेश मिळतो, आधी जागा राखून ठेवावी लागते आणि शिक्षणाचा दाखला दाखवावा लागतो. व्हेलर्स कोव्ह या लहानशा खाडीतून पाण्यात उतरतात. तिच्या काठी १८५०च्या दशकात चिनी कोळ्यांनी बांधलेली एक खोपटी अजून उभी आहे. पुढे तिथे व्हेल मारणारे पोर्तुगीज आले. ते अझोर्स बेटांतले, म्हणजे ज्या राजसत्तेचा झेंडा तेव्हा आमच्या मडगावावर फडकत होता तिचेच प्रजाजन. १८९७ साली गेन्नोसुके कोदानी हा जपानी गृहस्थ आला. अ‍ॅबलोनी नावाचे मोठे शिंपले काढावयास त्याने चिबा प्रांतातले पाणबुडे आणले. उघड्या अंगाने, श्वास रोखून बुडणारे ते कसबी लोक. पण या पाण्याची थंडी त्यांनाही सोसवेना, म्हणून शिरस्त्राणाचे जड पोशाख आणावे लागले. भाच्याच्या जोडीदाराने त्या खोपटीकडे पाहून क्षणभर मान लववली. का, ते त्याने सांगितले नाही.

साडेनऊ वाजता दोघे पाण्यात उतरले. "पंचेचाळीस मिनिटे," भाचा म्हणाला. "सव्वादहाला वर असू." मग दोन काळी डोकी थोडा वेळ दिसली, आणि नंतर नुसते पाणी.

मी एका बाकावर बसलो. खाडीत केल्प नावाच्या महाकाय शैवालाची पिवळसर पाने तरंगत होती. हिवाळी वादळांनी त्यांतली बरीच उपटून किनाऱ्यावर टाकली होती. एक पाणमांजर पाठीवर पडून छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला फोडीत होते. त्याचा टक्‌टक्‌ आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. दूर समुद्रात दक्षिणेकडे निघालेल्या करड्या व्हेलचा फवारा दोनदा उडाला. हे सर्व मी पाहिले असे आज सांगतो. पण त्या वेळी मी घड्याळ पाहत होतो. सव्वादहा झाले. दहा वीस झाले. पाणमांजर दुसरा शिंपला घेऊन आले. दहा पंचवीसला मी उठून उताराच्या टोकाशी गेलो, जणू तिथून मला तळ दिसणार होता. त्या वेळी माझ्या पाच मुद्द्यांपैकी एकही मला आठवला नाही. मला आठवत होते ते एवढेच, की पोहता येत नाही. साडेदहाला मी मोठ्याने कुलदेवतेचे नाव घेतले. बाजूला पोशाख चढवीत असलेल्या एका तरुणीने माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि काही न विचारता माझ्याशेजारी उभी राहून पाण्यावर नजर लावली. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

दहा पस्तीसला खाडीच्या तोंडाशी, मी पाहत होतो त्याच्या अगदी दुसऱ्या बाजूला, दोन डोकी दिसली. एक डोके दुसऱ्याला ओढीत होते.

किनाऱ्यावर आल्यावर कळले ते असे. तिसाव्या मिनिटाला जोडीदाराच्या हातमोजाच्या मनगटाशी पाणी शिरू लागले, हात बधिर झाला आणि तो थरथरू लागला. भाच्याने खुणेने बुडी संपविली. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे असते, ते ते थांबले. आणि जिथे वर आले तिथून पृष्ठावरूनच, हळूहळू, विसावा घेत पोहत आले. म्हणून वीस मिनिटे जास्त लागली. घाई केली असती तर वेळेवर आले असते. "तुम्ही वाट पाहत असाल हे लक्षात होते," भाचा म्हणाला, "पण त्याला दम लागला असता." जोडीदार गरम पाण्याची बाटली छातीशी धरून बसला होता, त्याचे ओठ निळे होते. त्याने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो कोणासाठी होता हे मला कळले.

परतीच्या वाटेवर मी विचारले, "खाली असते तरी काय?" तो म्हणाला, तळाच्या खडकातून केल्पचे देठ सरळ वर जातात, ऊन तिरपे खाली उतरते, आणि आपण मधे निराधार उभे असतो. "आपल्या देवळाच्या सभामंडपासारखे, मामा. खांब हलतात एवढाच फरक." मग म्हणाला की हे वन उत्तरेकडच्या किनाऱ्यावर फार उजाड झाले आहे. २०१३ पासून तारामाशांवर रोग पडला, २०१४ ते २०१६ समुद्र अवेळी तापला, आणि तारामासे ज्यांना खात ते काटेरी सी-अर्चिन माजून केल्प फस्त करू लागले. इथे पाणमांजरे त्यांना खातात म्हणून काही पट्टे तगले आहेत. "जे आहे तोवर पाहून घ्यावे असे वाटते," तो म्हणाला. अनावश्यक छंद हा माझा तिसरा मुद्दा होता. तो मी मनातल्या मनात मागे घेतला.

मी गोव्यास परतलो आणि त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. वाटेत एकच विचार होता: काय सांगावे आणि काय गाळावे. परत फिरल्याची गोष्ट सांगितली तर ती सुखावेल. वीस मिनिटांची सांगितली तर झोप उडेल. पण निम्मी साक्ष देणाऱ्याला मी उलटतपासणीत काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. मी दोन्ही सांगितल्या. जोडीदाराचे निळे ओठही सांगितले. आणि सांगितले की त्याला मी थांबवू शकलो नाही, आणि खरे म्हणजे त्या दिवसानंतर थांबवावे असे मला वाटलेही नाही.

ती ऐकत होती. देवघरातली समई विझत आली होती, ती उठून तिने सारखी केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हणजे वीस मिनिटे तू घड्याळ पाहत बसला होतास."

"हो."

"मी रोज बसते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्या माणसाला ओढून आणत होता म्हणतोस?"

"हो. हळूहळू."

"वडिलांवर गेला आहे," ती म्हणाली, आणि पानं घ्यायला आत गेली.

आता दर शनिवारी रात्री ती मला फोन करते आणि विचारते, बोया काय म्हणतो? मी आकडे वाचून दाखवितो. फूट ती ऐकून घेते; सेकंद मात्र दोनदा विचारते.